टहलराम, हिच्यात जीव आहे का?

भिशीला जमलो की चहाचा कप हातात पडायच्या आधी कुणीतरी म्हणतंच, "काढा हो तुमच्या शेडवरचा एखादा!" मी म्हणते, एखादा कसा काढू? एक ओढला की त्याच्यामागून दुसरा येतो. ज्या धंद्यात दारात येणारा प्रत्येक माणूस काहीतरी लपवून आलेला असतो, तिथे किस्से गोळा करावे लागत नाहीत. नुसतं खिडकीशी बसायचं. आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी तर थेट शेडमध्येच उघडायची!

पन्नास सालानंतरचे दिवस. कासारवाडीला, मुंबई-पुणे रस्त्याला लागून आमची पत्र्याची शेड, मागे आमच्या दोन खोल्या. शेडचे मालक दोघं. एक आमचे हे, शंकरराव, मूळचे पेणचे. (तेव्हा नाव घ्यायची चोरी होती, आता भिशीत बिनदिक्कत घेते.) दुसरे टहलराम. फाळणीत सिंधमधून आलेले, पिंपरीच्या कॅम्पात राहायचे. त्यांचं मराठी बघता बघता झकास झालं, फक्त गाडी ही बाई आहे हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. "हा गाडी", "तो गाडी" असंच चालायचं.

लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून लोकांनी गाड्या गोठ्यात नेऊन लावल्या होत्या. इंग्रज गेले, संस्थानं गेली, आणि त्या एकेक करून बाहेर निघायला लागल्या. गंजलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या. बैल जुंपून ओढत आमच्याकडे आणायच्या आणि विचारायचं, "हिच्यात जीव आहे का?" म्हणजे दुरुस्त करण्यात काही अर्थ आहे, की सरळ भंगारात घालायची?

आमच्या ह्यांना प्रत्येक गाडीत जीव दिसायचा. टहलरामांना प्रत्येक गाडीत लबाडी दिसायची. दोघांचं मिळून जे ठरे, ते बहुतेक बरोबर निघे.

गाडी आली की टहलराम आधी गाडीकडे बघतच नसत. आणणाऱ्या माणसाकडे बघत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "भाभी, गाडी कधी खोटं बोलत नाही. त्याला आणणारा बोलतो!"

*

पुण्याचा एक दलाल गाडी घेऊन आला. बाटलीसारखा हिरवागार रंग, आरशात बघावं तसं तोंड दिसत होतं. म्हणाला, "गिऱ्हाईक तयार आहे. तुम्ही फक्त 'चांगली आहे' एवढं म्हणा. तुमचा शब्द असला की तो घेतोय."

टहलरामांच्या खिशात कायम एक लोहचुंबक असे. त्यांनी तो दारावर लावला, चिकटला. मडगार्डवर लावला, टपकन खाली पडला. दुसऱ्या मडगार्डवर लावला, तिथेही पडला. दलाल म्हणाला, "तुमचा चुंबक जुना झाला असेल."

टहलरामांनी शांतपणे तो चुंबक दलालाच्या छत्रीच्या काडीला लावला. चिकटला!

मग आमच्या ह्यांनी खिळ्यानं रंग थोडा खरवडला. आतून पांढरट माती सांडायला लागली. पत्रा गंजून गेला होता आणि त्या जागी कुणीतरी अगदी सुबक हातानं मडगार्ड घडवलं होतं. हे पेणचे. माती बोटांत चोळली आणि लगेच ओळखली. शाडू! दलालानं चक्क गणपती करणाऱ्याकडून गाडी भरून घेतली होती!

हे हात जोडून म्हणाले, "हिला दुरुस्त कशाला करता? अनंत चतुर्दशीला या, विसर्जन करू!"

दलाल काय म्हणाला असेल? "पण शाडू उत्तम आहे हो!"

*

संस्थानं विलीन झाली तेव्हापासून एक नवाच ताप सुरू झाला. जी गाडी येईल ती "राजेसाहेबांची"! आमच्या शेडवर आलेल्या राजांच्या गाड्या धरल्या, तर हिंदुस्थानातली संस्थानं कमी पडली असती.

असाच एक फेटेवाला आला. लांबलचक गाडी, एवढी की शेपूट रस्त्यावरच राहिलं. म्हणाला, "राजेसाहेब स्वतः मागच्या सीटवर बसायचे. त्यांच्याशिवाय त्या सीटला कुणी हात लावला नाही. गंज आहे, पण खानदानी आहे!"

टहलरामांनी ऐकून घेतलं. मग मागचं दार उघडलं, ती सीट उचकटून बाहेर काढली आणि तिच्याखाली हात घातला. हात बाहेर आला तो मूठभर कांद्याची टरफलं घेऊन! पुन्हा घातला, पुन्हा टरफलं. शेवटी एक अख्खा कोंब आलेला कांदाच निघाला. राजेसाहेबांची गाडी कित्येक वर्षं चाकणच्या बाजारात कांदे वाहत होती!

टहलरामांनी तो कांदा फेटेवाल्याच्या हातावर ठेवला. म्हणाले, "राजेसाहेबांना आमचा रामराम सांगा."

*

वाकड म्हणजे तेव्हा नुसती शेतं. तिथले एक शेतकरी, बाबूराव, शेडवर आले. खडकीतल्या गोऱ्या साहेबाला ते दूध घालत. साहेब देश सोडून जाताना आपली बारकी गाडी त्यांना देऊन गेला होता. तेव्हापासून ती गोठ्यात उभी. "चाकं जमिनीत रुतल्यात, आणता येत न्हाई. तुमीच येऊन बघा," म्हणाले. हुरड्याचे दिवस होते, म्हणून मीही बरोबर गेले.

टहलरामांना आधीच शंका. आपल्या सिंधी अदबीनं त्यांनी बाबूरावांना विचारलं, "साईं, गोऱ्यानं फुकट कसा दिला?" त्यांनी गाडीखाली झोपून पाहिलं, इंजिनात नाक घालून पाहिलं, पत्र्यावर जागोजागी टिचक्या मारल्या. वरून सगळा गंज, पण आतून खोट म्हणून सापडेना. जसजशी सापडेना तसतसे ते जास्तच अस्वस्थ! शेवटी घाम पुसत कबूल झाले, "जीव आहे."

बाबूराव खूश. तेवढ्यात त्यांची बायको पारूबाई कमरेवर पाटी घेऊन बाहेर आली.

"चालंल म्हंता व्हय?"

"चालेल की!" हे म्हणाले.

"पळंल?"

"वाऱ्यासारखी!"

"मग नगं."

पारूबाईनं मागचं दार उघडून दाखवलं. सीटवर पाच-सहा कोंबड्या ऐसपैस बसलेल्या. म्हणाली, "आमच्या कोंबड्या हितंच अंडी देत्यात. ही पळाय लागली, तर त्यांनी काय मागनं पळत अंडी द्यायची?"

परतताना टहलराम म्हणाले, "शंकरराव, पहिल्यांदा खरं बोलणारं गिऱ्हाईक भेटलं. आणि काम गेलं!"

*

चऱ्होलीचे दोघं भाऊ. वडील गेले, जमिनीच्या वाटण्या झाल्या, भांडीकुंडी वाटली, आणि एक गाडी उरली. तिचे दोन भाग कसे करणार? ठरलं असं की शेडवर दाखवायची. जीव असेल तर एकानं दुसऱ्याला मोबदला देऊन ती घ्यायची. नसेल तर ज्याला पाहिजे त्यानं भंगार म्हणून उचलायची.

गाडी आली. दुसऱ्याच दिवशी थोरला एकटा आला. टहलरामांना बाजूला घेऊन म्हणाला, "तुमी आपलं सांगा, मेलीय म्हणून. भंगारात मी उचलतो. पुढचं काम तुमालाच देतो."

तो गेला आणि संध्याकाळी धाकटा आला. त्यानंही टहलरामांना बाजूला घेतलं. शब्द न् शब्द तोच!

निकालाच्या दिवशी दोघं भाऊ आले, चार गाववाले साक्षीला आले. सगळे टहलरामांच्या तोंडाकडे बघायला लागले. टहलराम मोठ्यानं म्हणाले, "मोठा भाऊ बोलला, मेला म्हणून सांगा. छोटा भाऊ बोलला, मेला म्हणून सांगा. गाडी तर जिवंत आहे. आता तुम्हीच ठरवा, मारायचा कुणी?"

गाववाल्यांनी खाली माना घातल्या, हसू दिसू नये म्हणून. थोरला धाकट्याकडे बघेना, धाकटा थोरल्याकडे बघेना. शेवटी थोरलाच टहलरामांवर उखडला, "असं चारचौघांत सांगतेत व्हय? काय रीत हाय का न्हाई!"

धाकटा लगेच म्हणाला, "दादा बरोबर बोलतोय!"

वाटण्या झाल्यापासून दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं.

*

संशयी माणूसच नेहमी बरोबर असतो असं नाही, पण भोळा माणूस चुकला की मजा जास्त येते. टहलराम एकदा तापानं पडले होते. तेवढ्यात आमच्या ह्यांनी एकट्यानंच एक गाडी पास केली. दापोडीच्या एका कंत्राटदाराची होती. "वरून गंज, आत ठणठणीत!" असं छातीठोक सांगितलं आणि त्यांना मागे बसवून चक्कर मारायला निघाले.

दापोडीच्या आसपास कर्र असा आवाज झाला. ह्यांना वाटलं गिअर. पण मागे कंत्राटदारांच्या पायाखालचा पत्रा, गंजलेलाच तो, अख्खाच्या अख्खा रस्त्यावर पडला होता! गाडी बैलगाडीच्या वेगानं चालली होती म्हणून बरं. कंत्राटदार पुढच्या सीटला मिठी मारून लोंबकळताहेत, आणि खाली त्यांचे दोन्ही पाय रस्त्यावर दुडूदुडू पळताहेत! बसची वाट बघणारे लोक हा देखावा बघून रांग मोडून पुढे आले.

कंत्राटदार ओरडले, "शंकरराव, गाडी चालतेय का मी चालतोय?"

ताप उतरल्यावर टहलरामांना हे कळलं. त्यांनी ह्यांची बाजू घेतली. म्हणाले, "दोघं चालत होते ना? मग पास!"

*

हा किस्सा म्हणावा की नाही, मला कळत नाही. पण सांगते.

एकदा दुपारी चहा देताना मी टहलरामांना विचारलं, "तुम्ही पहिल्यापासूनच एवढे संशयी होता का हो?"

ते म्हणाले, "नाही भाभी. तिकडे माझं गॅरेज होतं. स्वतःचा गाडी होता. निघताना शेजारी बोलला, दोन महिन्यांत परत याल, तोपर्यंत गाडी मी सांभाळतो. रोज पुसून ठेवतो. चांगला माणूस होता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या."

"मग? त्यानं फसवलं?"

"ते कुठं माहीत आहे?" टहलराम म्हणाले. "कदाचित आजपण पुसत असेल."

कप खाली ठेवला आणि पुन्हा गाडीखाली जाऊन पडले. मी त्यांना तो प्रश्न परत कधी विचारला नाही.

*

आता डॉक्टरांचा सांगते आणि थांबते.

चिंचवडगावात एक वयस्क डॉक्टर होते. बायको गेलेली, एकच मुलगी, मालती. पुण्याला कॉलेजात शिकत होती. त्यांची लढाईच्या आधीची काळी गाडी अंगणात झाडाखाली गंजत पडली होती. ती त्यांनी ओढून आणली आणि म्हणाले, "मालतीचं लग्न ठरतंय. मुलाकडच्यांनी गाडी मागितलीय. चालू करून द्या म्हणतात. हिच्यात जीव आहे का बघा."

टहलरामांनी तपासली. मडगार्डांची चाळण झालेली, इंजिनावर उंदरांचं घरटं. पण डॉक्टर इतकी वर्षं आठवणीनं आत तेल सोडत आले होते. इंजिन नव्यासारखं! टहलराम माझ्यादेखत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हा गाडी धावेल. माझा शब्द." त्यांनी कुणाला शब्द दिलेला मी तोवर ऐकला नव्हता.

काम सुरू झालं. मध्येच एक गृहस्थ रस्त्यानं जाता जाता थांबल्यासारखं करून आत आले. "कुणाची हो गाडी? किती वर्षं टिकेल? इंजिन बदललंय का?" टहलरामांनी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. "साईं, तुम्ही रस्त्यानं जात नाही. तुम्ही मुलाकडचे." ते मुलाचे मामा निघाले!

त्यानंतर एका दुपारी माझ्या खिडकीशी मालती आली. एकटीच. आधी पाणी मागितलं, मग हळूच म्हणाली, "वहिनी, गाडी चालू होऊच नये असं काही करता येईल का?"

मी दचकलेच. "अगं, का?"

"ते लोक दोनदा घरी आले. दोन्ही वेळा अंगणात गाडीभोवतीच फिरले. मुलगा माझ्याशी बोलला ते एवढंच, की हिला पेट्रोल किती लागतं. मला नको तिथे. पण बाबांनी शब्द दिलाय. मी नाही म्हटलं तर त्यांची मान खाली जाईल."

मी काय करणार? माझ्या हातात काय होतं? चहा करून दिला. ती डोळे पुसून गेली. मी वळले, तर दारात हे उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आणि त्यांच्या मागे टहलराम.

दोघंही तसेच वळून शेडमध्ये गेले.

गाडी बघायचा दिवस उजाडला. सकाळी ह्यांनी गाडी सुरू करून पाहिली, एका हँडलला सुरू! मग ह्यांनी इंजिन पुसलं. टहलरामांनी पेट्रोल भरलं. मी झेंडूचा हार घातला. डॉक्टर मालतीला घेऊन लवकरच आले. रडून तिचे डोळे सुजले होते. बॉनेट उघडून इंजिनाकडे कौतुकानं बघत राहिले. "मला काय कळतंय म्हणा त्यातलं!" असं म्हणून हसले.

मग मुलगा आणि मामा आले. दारं उघडून झाली, सीटवर उड्या मारून झाल्या, हॉर्न वाजवून झाला. मालती भिंतीशी उभी होती, तिच्याकडे कुणी बघितलंही नाही. मीच तिला स्टूल नेऊन दिलं.

"चला, सुरू करा!" मामा म्हणाले.

ह्यांनी हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. काही नाही. टहलरामांनी मारलं. गाडी ढिम्म! डॉक्टरांनी तर कोट काढून ठेवला आणि स्वतः हँडल मारायला लागले, म्हातारा माणूस घामाघूम झाला. "अहो, सकाळपर्यंत चालत होती! दोन दिवस द्या, मामासाहेब!"

मामा म्हणाले, "डॉक्टर, गाडीचा शब्द असा, तर बाकीच्या शब्दांचं काय?" आणि मुलाला घेऊन गेले ते गेलेच. सोयरीक मोडली.

सगळे पांगल्यावर टहलरामांनी इंजिन उघडलं. रोटर गायब! रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा. तो नसला तर ठिणगी पुढे जात नाही, गाडी मुकी होते. आपोआप तो काही पडत नाही. कुणीतरी काढला होता!

टहलरामांनी शेडचं दार लावून घेतलं आणि आम्हा दोघांसमोर उभे राहिले. "मी शब्द दिला होता," एवढंच म्हणाले.

पुढचे काही दिवस विचारू नका! टहलरामांचा संशय माझ्यावर. मी पाण्याला गेले की ते माझे पिठाचे डबे चाळून बघत. परत आले की ओट्यावर पीठ सांडलेलं! माझा संशय ह्यांच्यावर. मी ह्यांच्या कोटाचे, पायजम्याचे, सगळे खिसे उलटे केले. ह्यांचा संशय टहलरामांवर. पोरीचं बोलणं ऐकून माणूस पाघळला आणि आता साळसूदपणा करतोय, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांची हत्यारांची पेटी रोज रिकामी करून भरत. तिघांत चहा व्हायचा, पण कुणी तोंडातून चकार शब्द काढत नसे. तसला रोटर पुण्यात कुठे मिळेना, म्हणून मुंबईला निरोप धाडला होता.

आणि एका सकाळी डॉक्टर आले. बरोबर मालती, छातीशी पुस्तकं धरलेली. डॉक्टर म्हणाले, "गाडी न्यायला आलोय."

टहलराम मान खाली घालून म्हणाले, "साहेब, गाडी नाही चालणार. त्याचा एक भाग गेला आहे."

डॉक्टरांनी आपली औषधांची बॅग उघडली. कापसाच्या घडीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टहलरामांच्या तळहातावर ठेवलं.

"हा बसवा," ते म्हणाले. "जरा लवकर. मालतीची परीक्षा आहे."

टहलरामांनी हाताकडे पाहिलं. डॉक्टरांकडे पाहिलं. मालतीही वडिलांकडे बघतच राहिली होती. टहलरामांनी रोटर बसवला. एक हँडल मारलं, गाडी सुरू झाली. डॉक्टरांनी पुढचं दार उघडून मुलीला बसवलं, आणि ती काळी गाडी पुण्याच्या दिशेनं निघून गेली.

आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला उभे. कुणी कुणाकडे बघेना.

मग टहलरामांनी फडक्याला हात पुसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "भाभी, खरं सांगतो. मला पहिल्या दिवसापासून डॉक्टरवरच शक होता!"